अकरा मिनिटं, एक टुंग

देवगड बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
सोसायटीची खोली. टेबलावर जुना संगणक,
त्यात लिनक्स, कारण फुकट,
आणि फुकटाला सचिवांची सही लागत नाही.

मी बोटीच्या परवान्याचा अर्ज भरून दाखवत होते,
बाण इथे न्या, इथे मालकाचं नाव,
इथे इंजिनाचा नंबर, पुसट असेल तर
वर कागद धरून पेन्सिल घासा, उठून येतो.
सगळं पडद्यासकट रेकॉर्ड करत, खतिजा सोलकरसाठी,
जिला वाचता येत नाही, पण एकदा ऐकलेला भाव
चार दिवसांनीही ती पैशासकट सांगते.

अकरा मिनिटं बोलले.
मग लावून पाहिलं, तर
बाण फिरतोय नुसता,
पंगतीत जागा शोधणाऱ्या पाहुण्यासारखा,
आणि मी कुठेच नाही.

माइक उपटला, खोचला.
दुसऱ्या भोकात खोचला.
पट्टी शंभरावर नेली, म्यूट तपासलं, नव्हतं.
संगणक बंद करून चालू केला,
जे सगळेच करतात आणि कबूल करत नाहीत.
काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली, यादी आली,
तिच्यात माइकचं नाव स्पष्ट होतं.
हजेरीपटावर हजर. वर्गात पत्ता नाही.

दारात भिवाजी तारी बसलेले,
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडलेले.
मी टेबलावर हात आपटला तसे म्हणाले,
"बंद पडला म्हणान इंजिनाक मारूचा नाय गो.
डिझेल खंयसून येता, ता आधी बघ."

म्हणून कानाला हेडफोन लावून
ती मुकी फाईल पहिल्यापासून ऐकली.
एक मिनिट. तीन. पाच.
सातव्या मिनिटाला —
टुंग.

मत्स्य खात्याची मेल आली होती तेव्हा.
म्हणजे हा बहिरा नव्हता.
स्वतःचं तेवढं ऐकत होता.

आवाजाची खिडकी उघडली, रेकॉर्डिंगचं पान रिकामं.
त्याची खोड अशी, की रेकॉर्डिंग चालू असेल तरच
तिथे नाव उमटतं; थांबवलं की पुसलं जातं.
चोर चोरी करतानाच दिसणार.
मग चालू केलं, आणि बोलायला काही नव्हतं
म्हणून घरातून आणायचं सामान म्हणत राहिले,
कोकम, काडेपेटी, आईची गोळी,
तेवढ्यात नाव आलं, नावापुढे स्रोत: मॉनिटर.

मॉनिटर म्हणजे मला वाटायचं पडदा.
त्याआधी वाटायचं, सातवी ब मधली सुलभा खवळे,
बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारी.
इथला मॉनिटर म्हणजे स्पीकरच्या तोंडाला लावलेला कान.
यंत्र बोलेल ते यंत्रच टिपणार,
खोलीत कोणी मेलं तरी नोंद नाही.

यादी खाली ओढली. माइक निवडला.
हिरवी पट्टी उडाली,
काट्यावर सुरमई आपटल्यावर उडतो तसा काटा.

परत सगळा अर्ज भरला. परत ऐकला.
माझा आवाज मला वाटतो त्याहून बारीक आहे,
घाईत मी 'ण' गिळते.
मागे बर्फ फोडायचं यंत्र, तारींचा खोकला,
दूरवर लिलाव, साडेतीनशे, साडेतीनशे, चारशे.
गोंगाट काढायची एक खूण होती, ती लावली.
बर्फ गेला. पण माझे 'स' पण गेले,
परवान्याचं नुतनीकरण बोबडं झालं.
खूण काढून टाकली. राहू दे बर्फ.

मुकी फाईल अजून पुसलेली नाही.
का, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी खतिजानं मोबाईल कानाशी धरून
अकराच्या अकरा मिनिटं ऐकलं, पडद्याकडे न बघता.
म्हणाली, "सकाळी भरलंस ना? बर्फ फुटतोय."
आणि मग,
"पेन्सिल नसली तर कोळसा चालेल?"

ते मी सांगितलंच नव्हतं.