सव्विसावी गाडी

बांबूपाशी बसते मी. मांडीवर पोराची गणिताची वही,
चौकटीचौकटीत गाड्यांचे नंबर:
एमएच नऊ, एमएच नऊ, एमएच बारा,
एक गोव्याची, तिची काच खाली येत नव्हती.
पंचवीस झाल्या की बांबू आडवा.
ठराव आहे ग्रामसभेचा,
दोनदा भांडून आणि एकदा मटण शिजवून झालेला.

काजव्यांच्या रात्री एकवीस.
वळवाचा शिंतोडा पडला की सुरू,
ओढा गढुळला की संपल्या.
तेवढ्यात भाकऱ्या थापायच्या, अंथरुणं भाड्यानं द्यायची,
आणि उरलेले तीनशे चव्वेचाळीस दिवस
त्यातच पुरवायचे: मीठ, औषध, एसटीचा पास.
लाकूड बंद, चराई बंद. अभयारण्य हे.
रानात आमचं आता एवढंच एक पीक,
तेही उडतं.

तीन वर्षांमागं मोजणारं कुणी नव्हतं.
एका शनिवारी चारशे गाड्या.
हेडलाइट, स्पीकर, बाटलीत काजवे भरणारी पोरं
(आमचीच पोरं. दहा रुपयाला बाटली.)
पुढच्या वर्षी वळणावरचा हिरडा काळाच राहिला,
घरातलं मोठं माणूस रुसावं तसा.
मास्तर म्हणाले, काजवा उजेडानंच मादीला हाक मारतो.
एवढ्या उजेडात मारून बघा म्हणावं हाक.

काल सव्विसावी आली.
पुढच्या सीटवर माझाच दीर, बयाजी.
मागं सांगलीचे सहा पाहुणे, आमच्याच घरी उतरणारे,
माणशी हजार, तांबड्या-पांढऱ्यासकट.
"वयनी, एकच गाडी. अंधारात कोण मोजतंय?"

मोजतंय कोण, तर मी.
म्हटलं, गाडी शाळेच्या मैदानात लावा,
चालत या. तीन किलोमीटर.
टॉर्चला लाल कागद लावून देते.

सहातले चार परत गेले.
एक बाई आल्या, चपला हातात घेऊन,
मागं त्यांचे सासरे, गुडघा धरत.
वळणावर दोघं दम खायला थांबली.
मी सांगणार होते, इथं काही नाही, पुढं चला,
तेवढ्यात वरच्या फांदीला एक.
मग बराच वेळ नाही.
मग दोन, लांब लांब.
म्हातारा खाली बसला मातीतच.

वहीत लिहिलंय: हिरडा, तीन.
त्याच्या वरच्या ओळीत: चार हजार, गेले.
बयाजी सकाळपासून बोलत नाही.
चहा मात्र प्याला.
अजून नऊ रात्री आहेत.