सातवी पट्टी

सर्जेकोटच्या जेटीखाली
नायलॉनच्या दोरीला बांधून
मी आठ पट्ट्या सोडल्यात खाडीत.
चार नुसत्या, गुणाजी तांडेलाच्या होडीच्याच फायबरच्या.
पुढच्यांवर लेप:
कोलंबीच्या सालांतून काढलेलं कायटोसन
आणि त्यात जस्ताचे कण,
इतके बारीक की ते बघायला
नेवगी सरांच्या चिठ्ठीसकट मुंबई गाठावी लागते.
आठवी पहिल्याच उधाणात गेली.

“बारीक म्हंजे केवढां?” आई विचारते.
एका सेकंदात तुझं नख वाढतं ना,
तेवढं.
ती नखांकडे बघते.
वाढून कुठे जाणार ती,
सुकती लागली की खडपात कोयती,
आणि कालवांच्या धारेला रोज थोडं नख.
माझी एम.एस्सी.ची फी
अशीच निघाली, एकेक कवच उघडून.

गुणाजी म्हणतो, तळाक कायच चिकाटला नाय
तर डिझेल केवढा वाचात!
दर दोन महिन्यांनी होडी ओढायची,
आडवी करायची, खरवडायची,
त्याचा खांदा पावसाआधीच दुखायला लागतो.

पंधराव्या दिवशी मोजणी.
पट्टी एक: एकशे चाळीस.
तीन: मोजता येत नाही, नुसता थर.
पाच: अकरा. सहा: नऊ.
सात: कोरी.
मी जेटीवरच ओरडले.
आईने ओल्या पट्टीवर हात फिरवला,
शाळेतून आलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा,
आणि विचारलं,
“ह्या सगळ्या होड्यांक लावतलंस?
मगे खडपार काय रवतला?”

अर्जात त्यासाठी एक रकाना आहे,
‘इतर जीवांवर परिणाम’.
दोन ओळींची जागा.
मी तिथे ‘अभ्यास सुरू’ लिहिलं होतं.
तो सुरू नव्हता.

आता खडपाजवळही पट्ट्या बांधल्यात,
पाण्याच्या बाटल्या भरते,
जस्त किती सुटतं ते मोजायला.
काल सातवी वर काढली.
खालच्या कोपऱ्यात
वरीच्या दाण्याएवढं एक कालव,
तोंड घट्ट मिटलेलं.

सर फोनवर म्हणाले, लेप तिथे पातळ लागला असेल.
असेल.
मी खरवडायला पातं उचललं
तर आई म्हणाली, “रवांदे तां,”
आणि आपली टोपली घेऊन उतरली.

वहीत लिहिलं: सात, एक.
दोरी परत सोडली.