मांगराची डागडुजी

मिंगेल मेस्त सांगून गेला, "फाल्यां येतां, बाय."
त्याला आता सव्वा महिना झाला.
त्याच्या उद्याला मी नावं ठेवत नाही.
बेतकीत सुतार एक, आणि लग्नं सतरा.
शेवटी एप्रिलच्या एका रविवारी
मीच जुना एप्रन कमरेला बांधला
आणि कुळागरातल्या मांगरासमोर उभी राहिले,
वॉर्डात नव्या पेशंटसमोर उभं राहावं तशी.
आधी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही.

दार कलंडलेलं. डावा खांब पायाशी मऊ.
छपरातून तीन ठिकाणी उजेड.
आत कुदळी, खताची पोती, सोललेल्या सुपाऱ्यांची सालं
आणि जमिनीवर एक वाटोळा डाग.
बाबा तिथे बादली ठेवायचे, पावसाळाभर.

पेचकस खांबात खुपसला तर मुठीपर्यंत गेला.
वाळवी केव्हाच जेवून उठली होती.
मेस्ताचा आल्विन कुंपणावरून म्हणाला,
"सडकं तेवढंच काप गो, शेवंतीबाय."
नाही रे.
असिलोत तेहतीस वर्षं जखमा धुतल्या मी.
सडकं संपतं तिथे थांबायचं नसतं,
आणखी चार बोटं पुढे जायचं,
करवतीला लाकडाचा वास येईपर्यंत.

पण त्याआधी जॅक. गाडीचा,
खाली फळी, वर माडाचा ओंडका,
ओंडक्यावर अख्ख्या छपराचा भार.
(हे विसरला असतात तर पुढची कविता
तुम्हाला कोणीतरी दुसऱ्यानेच सांगितली असती.)

फणसाचा तुकडा घेतला.
अर्धा त्याचा काढला, अर्धा खांबाचा,
एकाची खाच दुसऱ्याच्या खाचेत,
आरपार दोन बोल्ट.
खाली चिरा, लाकडाचा पाय मातीला लागू नये म्हणून.
वरून काजूच्या टरफलाचं तेल. हातमोजे घालून,
कारण ते कातडीही तेवढ्याच आवडीने जाळतं.

मग छप्पर.
शिडीवर चढले आणि पहिल्यांदाच पाहिलं:
एकूण एक खिळा पत्र्याच्या पन्हळीत.
पाणी वाहतं तिथेच, बरोब्बर तिथेच भोक.
दर मे महिन्यात डांबर फासायचे बाबा,
दर जूनमध्ये बादली, आणि वर पावसाला शिव्या.
बिचारा पाऊस. वीस वर्षं खोटा आळ घेऊन पडत राहिला.

एकोणीस खिळे उपसले.
सोळाव्याला मोठ्याने हाक मारावीशी वाटली त्यांना:
अहो, उंचवट्यावर ठोकायचा असतो.
सतरावा नवा, उंचवट्यावर ठोकला,
सायकलच्या ट्यूबची चकती घालून,
आणि घाव जरा जड पडला. पत्रा चेपला.
तेव्हा कळलं.
पत्रे नवे होते तेव्हा, सोसायटीच्या कर्जावर आणलेले.
चेपू नयेत म्हणून
जपून, हलक्या हाताने,
त्यांनी नेमका चुकीच्या जागी खिळा ठोकला होता.

मी हातोडी खाली ठेवली. थोडा वेळ
पोफळीच्या झावळ्या बघत राहिले.
मग उरलेले ठोकले. तीन अजून चेपले.
जुनी भोकं पत्र्याच्या तुकड्यांनी बंद केली.

दाराची तिरकी पट्टी पहिल्यांदा उलटी बसवली.
खालच्या बिजागरीपासून वर कडीकडे जायला हवी होती,
मी वरून खाली आणली.
आल्विन हसला. हसू दे.
काढली, फिरवली, पुन्हा स्क्रू पिळले.

संध्याकाळी विहिरीचा पंप लावून
छपरावर पाइप धरला, दहा मिनिटं.
आत जाऊन त्या वाटोळ्या डागावर तळवा ठेवला.
कोरडा.

बाहेर आले आणि सवयीने
गुडघा दाराखाली घालून त्याला वर उचललं,
गेली वीस वर्षं उचलत आले तसं.
दार केव्हाच आपल्या जागी गेलं होतं.
गुडघा नुसताच हवेत.