समोरचा

सत्काराच्या पत्रिकेवर आकडे छापलेत:
सतरा हंगाम, नऊ हजार चारशे बारा गुण,
सहा हजारांवर रिबाउंड,
अडवलेले फटके एक हजार एकशे सात.
सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, वक्ता म्हणून मी.
आयोजकांना कुठूनतरी कळलं
की भानुदास गांगुर्डेसमोर सगळ्यात जास्त वेळा
मीच उभा होतो.

उभा होतो म्हणजे काय,
होतो.

जेलरोडच्या सिमेंटच्या कोर्टावर
प्रेसचा भोंगा झाला की आम्ही जमायचो.
त्याचे वडील दिवसभर नोटांचे कागद मोजायचे
आणि सुटताना गेटवर स्वतःचे खिसे उलटे करून दाखवायचे.
पोरगा सहा फूट नऊ इंच.
मापाचा बूट अख्ख्या नाशकात नाही.
भद्रकालीतल्या कानडेमामांनी टायरचा तळ लावून जोड शिवला
आणि पैसे घेतले एकाच बुटाचे.
म्हणाले, दुसरा मी माझ्या हौसेनं केला.

मी सहा फूट चार.
देवळालीत लोक मला वळून बघायचे.
मग हा आला
आणि मी मध्यम बांध्याचा झालो.

पहिला चेंडू टाकला, तो माझ्याच छातीवर परत आला.
दुसरा गेला भिंतीपलीकडे,
पिंपळगावहून आलेल्या टेम्पोत, द्राक्षांच्या क्रेटांवर.
ड्रायव्हरनं चेंडू आणून दिला, वर एक घड दिला.
भानुदासला.

लोकांना वाटतं त्याची उंची खेळायची.
उंच माणसं मी पुष्कळ पाहिली,
बसच्या दाराला डोकं आपटून घेणारी.
हा उडी आधी मारायचाच नाही.
थांबायचा.
माझा खांदा काय ठरवतोय
ते त्याला माझ्या आधी कळायचं.
बायकोलाही मी इतका कळलो नाही,
हे तिच्यासमोर बोलता येणार नाही, ती पहिल्या रांगेत आहे.

बहारीनच्या क्लबनं त्याला उचललं
त्या वर्षी मी बँकेत लागलो, सिन्नर शाखा, कॅशियर.
एकदा त्यानं तिकडच्या पेपरचं कात्रण पाठवलं.
अक्षरं अरबी, एक कळेना.
फोटो कळला:
वर त्याचा पंजा, पंज्यात अडकलेला चेंडू,
आणि खाली कुणी एक परका खेळाडू, तोंड उघडं.
तो चेहरा मी लगेच ओळखला.
बरीच वर्षं मीच वापरलाय तो.

काल रात्री जुन्या गुणपत्रिका काढून बसलो.
कॅशियरची खोड, ताळा लागल्याशिवाय झोप नाही.
एक हजार एकशे सातांतले
त्रेसष्ट माझे.
म्हणजे मी नसतो
तर पत्रिका आज एक हजार चव्वेचाळीसची छापावी लागली असती.
हे वाक्य भाषणासाठी लिहून ठेवलंय.
लोक हसतील.

तो आता दोन गुडघे बदललेला, हातात काठी,
सोफ्यावर बसला तरी माझ्या कानाच्या वर.
स्वतःचं भाषण त्यानं चार वाक्यांत आटोपलं,
शेजारी येऊन टेकला,
आणि पाहुण्यांचे हार चालू असताना वाकून म्हणाला,
मोगल, धुळ्याचा तो डाव्या हाताचा हूक,
आधी ठरवला होतास की तिथंच सुचला?

अकरा महिने.
गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला खडूनं गोल काढून
रोज दोनशे, डाव्या हातानं.
खालचे भाडेकरू भांडायला यायचे.

सुचला, म्हणालो.

तो खूष झाला.
वाटलंच मला. ठरवलेला असता तर दिसला असता.
आणि माझ्या मांडीवर थाप मारली
त्याच पंज्यानं.

मग माझं नाव पुकारलं.
माईक अजून त्याच्याच उंचीला लावलेला.
एक पोरगा तो खाली करायला धावला,
मी हातानं त्याला थांबवलं
आणि टाचा उचलल्या.