पोषित

उद्यमबागेत आठ वर्षं मी खोक्यांवर पत्ते रंगवते.
आत भुशात झोपलेले पंप, झाकणाला बारा खिळे,
वर काळ्या रंगात माझं अक्षर:
कोइमतूर, दुबई, मोम्बासा.
मार्चअखेरीला नवी ऑर्डर आली,
एस्पोझितो आणि पुत्र, रोसारियो, अर्जेंटिना,
आणि ब्रश हातातल्या हातात वाळला.

आमच्या ट्रंकेत, तळाच्या वर्तमानपत्राखाली,
पेद्रूआजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला आहे.
आईची जागा कोरी. बापाची जागा कोरी.
आडनावाच्या रेघेवर नेमका हाच शब्द,
सिस्टर असुंताच्या तिरक्या, तपकिरी शाईत.
खानापुरात कौलांच्या भट्टीमागे सापडले आजोबा,
ओल्या मातीच्या ढिगावर, गोणपाटात.
अंगावर चिखल वाळून पापुद्रा धरला होता, म्हणायचे,
अजून तासभर असतो तर मलाही भट्टीत रचलं असतं.
हसायचे ते. आम्ही नाही हसायचो.

शाळेत घालताना हुंदरे मास्तरांनी विचारलं,
काय म्हणालास? एस्पो...? पोशित?
चष्मा वर सारला, टाक बुडवला,
आणि पोटफोड्या ष घालून हजेरीपटात लिहिलं
पोषित.
मास्तरांना इटली ठाऊक होती की नाही, कुणास ठाऊक.
शुद्धलेखन ठाऊक होतं.

पुढे कचेरीत कानडी झालं तेव्हा पोशिता झालो,
वीजबिलावर पोसीत,
रेशनकार्डावर एकदा नुसतेच पो.
लग्नाच्या पंगतीत बायका विचारायच्या,
कुठलं गं हे आडनाव? ऐकलं न्हाई की कधी.
इथे ज्याच्या त्याच्या नावाला गावाचं शेपूट:
येळ्ळूरकर, कडोलकर, हलगेकर, मुतगेकर.
गाव कुणाचं, यावरून नाक्यावरचे फलक
रात्री डांबरानं पुसलेले मी पाहिलेत,
सकाळी पुन्हा रंगवलेले.
आमच्या नावात पुसण्यासारखं काही नव्हतं.
वडील याला सुख म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही.

दिवाळीनंतर गिऱ्हाईक स्वतः आला.
टक्कल, घामानं भिजलेला सदरा, कुंद्याला दोनदा हात.
मी दाखला पुढे ठेवला.
त्यानं तो वाचला नाही, नुसता बघत राहिला.
मग बोलत सुटला, आणि सेल्समधले मुतगेकर
धापा टाकत मराठी करत राहिले:
नेपल्समध्ये एका भिंतीत लाकडी चाक होतं.
बाहेरून कुणी रात्री मूल ठेवायचं,
चाक अर्धं फिरायचं, आतली बाई उचलून घ्यायची.
ठेवणारीला घेणारी दिसत नसे, घेणारीला ठेवणारी.
त्या सगळ्या पोरांना एकच आडनाव:
बाहेर ठेवलेला.
बोटींनी गेली ती पोरं, पोरांची पोरं.
रोसारियोत आम्ही, ब्वेनोस आयरेसच्या फोनयादीत पानंच्या पानं,
न्यू जर्सीत, साव पावलोत,
आणि रक्ताचं नातं शोधाल तर बहुतेकांत नाहीच.
एकाच नावाचे हजारो परके.

मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे याचा अर्थ काय?
मी म्हटलं, पोसलेला.
मुतगेकर एकदम गप्प झाले.
त्याला वाटलं, भाषांतर चुकलं.
पुन्हा विचारलं.
पुन्हा तेच सांगितलं: कुणीतरी वाढवलेला,
जेवू घातलेला.

बाहेर भट्टी ओतायला घेतली होती, खिडक्या लाल झाल्या.
मला सिस्टर असुंता आठवली, जिला मी पाहिलेलं नाही.
घरापासून इतकी लांब, तिच्याकडे द्यायला
तेवढा एकच शब्द असेल. तो तिनं दिला.
अर्थ पुढे मास्तरांनी लावला, चुकून.

त्याला ते अक्षर हवं होतं.
चलनाच्या पाठीमागे मी लिहून दिलं, त्यानं गिरवलं.
ष-च्या पोटातली रेघ काही जमेना.
तीनदा खोडलं. चौथ्यांदा वाकडी गेली,
तशीच ठेवली, घडी घातली, खिशात टाकली.
पावणेसहाला ट्रक आला.
खोकी मोजून द्यायची होती.