डाग

दिवा लागतो.
बॅटरी बदलली, तारा हलवल्या, तरी लागतोच,
लाल, मसुरीएवढा.
गिटार मात्र मुकी.

डबा उद्यमनगरात ओतलेला.
भोकं पाडून देताना सर्जा म्हणाला होता,
ह्यात काय भरणारेस, शिरा?
आता त्यात नऊ व्होल्ट, दोन ट्रान्झिस्टर
आणि माझे तीन रविवार.
पाय दिला की नुसती घूंऽऽ,
महावितरणची एकसुरी तान.

काल एका तारेच्या टोकानं ऐकत गेलो:
पहिल्या ट्रान्झिस्टरच्या आत आवाज आहे,
दुसऱ्याच्या दाराशी आहे,
दाराच्या आत नाही.

राळेचा धूर जिन्यावरून खाली गेला असणार.
राजमती गाट वर आल्या, पदराला हात पुसत.
हुपरीच्या. मंगळवार पेठेत माझ्या खोलीखाली
पैंजणांना घुंगरं जोडतात, वीस वर्षं.
"काय जाळाय लागलाईस?"

डोळ्याला भिंग लावून त्या वाकल्या.
"ह्यो डाग मेलाय. ह्यो बी. राखेगत रंग बघ.
कथील वर गोळा झालंय,
अळवावरचं पाणी. बसलंय, पर धरलंय कुठं?"
मी म्हटलं, मी कथील चांगलं वितळवतो, मग वर सोडतो.
"तितंच चुकतंय.
कथील कशाला तापवतोस? जागा तापव.
जागा तापली की ते आपल्या पायानं येतंय.
आन् फुंकर घालू नको. थिजताना हललं
की आतनं चिरतंय, वरनं दिसत न्हाई."

माझ्या खारीचं टोक काळं ठिक्कर.
त्यांनी ते नवसागराच्या वडीवर घासलं,
पांढरा धूर, नाकात झोंबलं,
वर चिमूटभर कथील फिरवलं:
टोक चकाकलं, कल्हईच्या पातेल्यासारखं.
"आता ओल्या फडक्याला पूस.
नवसागर फुडं जाऊ दिऊ नको. खातंय ते."

अकरा डाग पुन्हा दिले.
मनात एक-दोन-तीन, कथील, चार, मग हात बाजूला.
बाराव्याला हात लावला नाही.
तो सगळ्यांत देखणा होता, गोल, चकचकीत,
मित्राला फोटो पाठवलेला.

पाय दिला.
घूंऽऽ.

राजमतींनी केरसुणीची एक काडी मोडून घेतली
आणि एकेका जागेला टोचत गेल्या,
भाकरी झाली का बघावं तशा.
बाराव्यावर डबा खरखरला.
"ह्यो तुझा लाडका का?
देखणा हाय म्हणून वाचला बघ एवढे दिस."

अर्थिंग. सगळ्या तारा जिथं येऊन टेकतात, तोच.
जागा तापवली. कथील आपणहून पसरलं,
पसरट, तारेच्या अंगाला चढलेलं,
फोटो काढण्याजोगं काही नाही.

पाय दिला.
आणि माझ्या डब्यातून एक शांत बाई बोलली:
गूळ, एक नंबर, आवक साधारण, दर स्थिर.

राजमती जिन्याच्या कठड्याला धरून हसल्या.
"शिरा न्हाई, गूळच शिजला म्हण की!"

मी तार छेडली.
पत्र्यावरून ट्रॅक्टर गेल्यासारखा
जाड, फाटका, लांबलचक सूर निघाला
आणि मागं कुठंतरी हळदीची आवक.

"आजून फाटलंयच की रं."
नाही, हे असंच पाहिजे.
"म्हंजे एवढं नीट जोडायचं
आन् मोडल्यागत वाजवायचं?"
होय.
त्या जरा वेळ डब्याकडं बघत राहिल्या.
"आमच्यात असलं परत येतंय."
मग, उतरता उतरता,
"पर मोठ्यानं वाजव. मी खालनं ऐकतो."

वाजवलं. बटण तीनवर अजून कुरकुरतं,
रेडिओला आत कुठून वाट मिळते कळत नाही,
उद्या आतून पत्रा लावून बघेन.

साडेनऊला बंद केलं तर
खालून आवाज येत होता:
एकेक घुंगरू, कानाशी धरून.
वाजलं. वाजलं. वाजलं.

एक वाजलं नाही.

मग फुंकणीचा श्वास, लांब.
मी जिन्यात थांबलो, ते पुन्हा वाजेपर्यंत.