उंबरा

उद्यमबागेत पत्र्याच्या शेडवर आमचं रडार,
समोर येळ्ळूरचा गड.
भरमा तिथून थर्माकोलचं विमान सोडतो
आणि फोनवर ओरडतो, "सोडलं बघ!"
पडद्यावर नुसता गड.
तटबंदी, विजेच्या तारा,
वाऱ्यानं हलणारं भात,
बगळ्यांची एक ओळ.
उंबरा खाली घेतला की सगळेच आत येतात,
वर नेला तर विमानही बाहेरच.

म्हणून न्यूरल नेटवर्कला आम्ही विमान शिकवलं नाही.
आधी गड शिकवला.
तीन महिने, रात्रंदिवस, नुसता गड:
धुक्यातला, उन्हातला,
भिजून जड झालेला.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत होती.
चाळण्यांचा खडखडाट, चाळीस बायकांचा खोकला,
मराठीत सुरू होऊन कानडीत संपणारं भांडण,
आणि त्यातून तिला
पोत्यांमागच्या झोळीत मी कूस बदललेली कळायची.
विचारलं तर म्हणायची,
"तुझा आवाज कुठं होता गं?
बाकीचे सगळे पाठ होते, एवढंच."

आज चार वाजून दहा मिनिटांनी
तटाच्या कडेला एक ठिपका.
शून्य दशांश एकसष्ट.
इराण्णा खुर्चीवरून उठलाच, "अदे! अदे!"
तेवढ्यात भरम्याचा फोन:
पडलं, मघाशीच पडलं भातात,
पंख मोडलाय,
चिखलात उतरतोय.

ठिपका मात्र तिथंच.
शून्य दशांश अठ्ठावन्न.
घार असेल, इराण्णा म्हणाला, काढून टाक.

मी उंबरा हलवला नाही.